एका नावाची दोन वावरं

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. संग्रामपूर तालुक्यात एप्रिल म्हणजे काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी एकच्या पुढे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात एक म्हातारे चाचा शाळेच्या पायरीवर येऊन बसले. डोक्याला ओला गमछा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मास्टरसाब, हमारे अब्बा का शाला का दाखला मिल जाएगा क्या? पोती के लिए चाहिए."

नातीला बारावीनंतर पुढच्या प्रवेशासाठी ओबीसीचं जातप्रमाणपत्र हवं होतं. घराणं पिंजाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला, गाद्या भरल्या, म्हणजे वऱ्हाडातला अगदी ओळखीचा पेशा. पण प्रमाणपत्राला पेशा आठवून चालत नाही, कागद लागतो, आणि तोही 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांत आपल्या बहुतेकांच्या जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. तिथे घोडं अडतं. मात्र काही जुन्या उर्दू शिक्षकांनी बापाच्या धंद्याचा रकाना मन लावून भरलेला आहे. त्यांना तेव्हा ठाऊकही नसेल की साठ-सत्तर वर्षांनी त्यांच्या एका शब्दावर कुणाची तरी नात शिकणार आहे.

ते रजिस्टर आमच्याकडे होतं, पण वाळवीने त्याची अर्धी पानं खाल्लेली. सुदैवाने वाळवी लागण्याआधी मी आणि नववीच्या पोरांनी त्याचे स्कॅन काढून लॅबमधल्या लिनक्सच्या संगणकात ठेवले होते. चाचांना म्हटलं, "बैठिए, पाँच मिनट का काम है."

संगणक सुरू केला, फोल्डर उघडलं. दिवाळीच्या आधी केलेले स्कॅन होते. दिवाळीनंतरचं एकही पान नव्हतं. चाचांच्या वडिलांचं रजिस्टर आम्ही दिवाळीनंतर स्कॅन केलं होतं.

पाच मिनिटांच्या कामाला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जे शिकलो त्याचा इतिहास मला इतका आवडला की तो इथे लिहून ठेवतो आहे.

घडलं काय होतं

दिवाळीच्या सुट्टीत मी शहाणपणा म्हणून माहितीच्या पार्टिशनची जशीच्या तशी नक्कल एका दुसऱ्या डिस्कवर करून कपाटात ठेवली होती. एप्रिलमध्ये नवे स्कॅन तिच्यावर घ्यावेत म्हणून ती जोडली, आणि कॉपी सुरू करायच्या आतच वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तेव्हा दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. संगणकाने मूळ डिस्क सोडून नक्कल उघडली होती. म्हणून दिवाळीनंतरचं काहीच दिसत नव्हतं. नक्कल काढून पुन्हा सुरू केला, तर तो अर्ध्यात थांबला: फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत, हाताने तपासणी करा.

ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून टाका." हा सल्ला आपल्याकडे नेहमीचा आहे. मी फोन ठेवला.

नाव, क्रम आणि नंबर

इथे डिस्कच्या नावांची गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती समजायला वऱ्हाडचं वावर बरं पडतं. आपल्या गावात शेताची ओळख तीन प्रकारे सांगतात. पहिली, "नाल्यापासून दुसरं वावर." दुसरी, "आंब्याचं वावर." तिसरी, गट नंबर. पहिली ओळख कुठून मोजता त्यावर अवलंबून. दुसरी माणसांनी दिलेली, गोड, पण एका गावात आंब्याची दोन वावरं असू शकतात. तिसरी रुक्ष, पण एका गावात एकच.

लिनक्समध्येही नेमक्या या तीन ओळखी आहेत. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं म्हणजे संगणकाला डिस्क ज्या क्रमाने सापडल्या तो क्रम. आज जी 'ए' ती उद्या 'बी' होऊ शकते. लेबल म्हणजे आपण दिलेलं नाव. आणि यूयूआयडी म्हणजे गट नंबर. फाइल सिस्टिम तयार होताना तिला मिळणारा 128 बिटांचा आकडा, जो 32 अंक-अक्षरांत लिहितात. तो इतका मोठा आहे की योगायोगाने दोन जागी सारखा पडण्याची भीती नाही.

मग माझ्याकडे गोंधळ का झाला? कारण मी नक्कल केली होती. जशीच्या तशी नक्कल म्हणजे लेबलही तेच आणि यूयूआयडीही तोच. मी एकाच गट नंबरचे दोन सातबारे तयार केले होते. कोणतं खरं, हे बिचारा संगणक कसं ओळखणार? जे हाती लागलं ते त्याने उघडलं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

ही चूक करणारा मी पहिला नाही. लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात एफएसटॅब नावाच्या यादीत (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं हे सांगणारी ती फाइल) क्रमाचीच नावं लिहीत. पुढे रेड हॅटने लेबलं वापरायला सुरुवात केली, तर दोन जुन्या संगणकांच्या डिस्क एकाच पेटीत बसवल्यावर दोघींचं लेबल सारखंच निघायचं आणि सगळं अडायचं. 2006-07 च्या सुमारास लिनक्सने साध्या डिस्क हाताळायची पद्धत बदलली. 'एचडीए' म्हणवणाऱ्या डिस्क रातोरात 'एसडीए' झाल्या आणि क्रमाच्या नावावर विसंबलेल्यांचे संगणक सुरू होईनात. उबुंटूने 2006 च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून यूयूआयडीचा रस्ता धरला, तो याच काळात.

क्रमाच्या नावाने केलेला सगळ्यात प्रसिद्ध घोटाळा खुद्द लिनक्सच्या जनकाचा आहे. 1991 च्या अखेरीस हेलसिंकीत शिकणारा लिनस टॉरवाल्ड्स मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायला बसला. मोडेमऐवजी त्याने चुकून हार्ड डिस्कचं नाव दिलं. डायल करण्याच्या सूचना डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि त्याचं मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. मिनिक्स पुन्हा बसवण्यापेक्षा त्याने ठरवलं की आता आपल्या स्वतःच्या प्रणालीवरच राहायचं. एका चुकीच्या नावाने लिनक्सला घर मिळालं, असं म्हटलं तरी चालेल.

नकाशा जळला म्हणून शेत जळत नाही

'पार्टिशन' हा शब्द मी वर्गात उच्चारला तेव्हा एका पोराने विचारलं, "सर, मतलब तक़सीम?" उर्दूत गणितातला भागाकारही तक़सीम आणि 1947 ही तक़सीमच. मराठीत आपण त्याला फाळणी म्हणतो. त्या शब्दावर आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचा आवाज अजून खाली येतो. डिस्कची फाळणी मात्र साधी आहे. एका मोठ्या वावराचे धुरे पाडून भाग करायचे, बस.

धुरे कुठे आहेत याचा नकाशा कुठे ठेवायचा, हा जुना प्रश्न. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तो डिस्कवर नव्हताच. कोणत्या बनावटीच्या डिस्कचे भाग कुठे सुरू होतात हे प्रणालीच्या आतच कायमचं लिहिलेलं असे. म्हणजे जमीन गावात आणि नकाशा फक्त तलाठ्याच्या डोक्यात. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीत 'डिस्कलेबल' आलं आणि नकाशा डिस्कवरच लिहिला जाऊ लागला. 'लेबल' शब्दाचा एक जुना अर्थ हा असा आहे.

आपल्या ओळखीच्या पीसीचा नकाशा त्याआधीचा. 1983 च्या मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला, 10 मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह, आणि त्याबरोबर डॉसची दुसरी आवृत्ती. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये फक्त 64 बाइट नकाशासाठी राखलेले, प्रत्येकी 16 बाइटांच्या चार नोंदी. म्हणून जुन्या पद्धतीत मुख्य पार्टिशनं चारच होतात. पुढे 2 टेराबाइटच्या वरची जागा त्या नकाशात मावेना, तेव्हा इंटेलने आखलेल्या ईएफआयबरोबर जीपीटी आलं. त्यात साधारणपणे 128 नोंदींची सोय आहे, नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी आहे, आणि नकाशा बिघडला तर कळावं म्हणून पडताळणीचा आकडा आहे.

शहाणपण इतकंच की नकाशा पुसला गेला तरी शेत तिथेच असतं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क हे मोफत साधन पूर्ण डिस्क फिरून धुऱ्यांच्या खुणा शोधतं आणि नकाशा परत मांडून देतं. 'पार्टिशन दिसत नाही' याचा अर्थ 'माहिती गेली' असा नाही. माहिती खरी जाते ती घाबरून त्यावर दुसरं काही लिहिल्यावर.

हे आपल्या वऱ्हाडच्या इतिहासात नवं नाही. अबुल फ़ज़लच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातली सरकारं आणि महालं नोंदलेली आहेत. त्यांत नरनाळा सरकार आहे, आपल्या उत्तरेच्या सातपुड्यातला नरनाळा किल्ला तोच. मलिक अंबरच्या जमीनधाऱ्याची आठवण दख्खनमध्ये अजून काढतात. 1853 मध्ये निज़ामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे आला, पुढे मुंबई पद्धतीने मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले. 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, दफ्तराची भाषा फारसी, उर्दू, मोडी, इंग्रजी, मराठी अशी फिरली. वावर मात्र जागचं हललं नाही. गरीब माणसाची अडचण एवढीच की वावर किंवा माणूस जागेवर असून भागत नाही, नोंद सापडावी लागते.

चुका दुरुस्त करणारा कोतवाल

आता दुसरा आजार, फाइल सिस्टिममधल्या चुका. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्याच्या फाइल सिस्टिमची रचना आजही ओळखू येते. प्रत्येक फाइलचं एक कार्ड असतं, त्याला आयनोड म्हणतात. फाइल किती मोठी, कुणाची, डिस्कवर कुठे, हे त्यात. गंमत म्हणजे फाइलचं नाव त्यात नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, म्हणजे हजेरीपटावर. तिथे नाव आणि कार्डाचा नंबर एवढंच लिहिलेलं. पूर्ण व्यवस्थेचा गोषवारा सुपरब्लॉकमध्ये.

वीज गेली की यातली एक नोंद झालेली असते आणि दुसरी राहून जाते. कार्ड आहे पण हजेरीपटावर नाव नाही, किंवा एकच जागा दोन फाइलींच्या नावे. सुरुवातीला हे शोधायला आयचेक, डीचेक अशी वेगवेगळी साधनं होती आणि दुरुस्ती जाणकाराने हाताने करायची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांच्या एफएससीके या साधनाने हे काम एका हाती घेतलं. पुढे बर्कलीच्या मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी ते वाढवलं. मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये नवी वेगवान फाइल सिस्टिम दिली, आणि तिच्यात सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवल्या. लिनक्सच्या ईएक्सटी कुळाने ही रीत घेतली. म्हणून मुख्य सुपरब्लॉक बिघडला तर ई-टू-एफएससीकेला दुसरी प्रत वापरायला सांगता येतं. 4 किलोबाइटचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत साधारणपणे 32768 व्या ब्लॉकवर सापडते.

थिओडोर त्सो यांनी लिहिलेला लिनक्सचा ई-टू-एफएससीके पाच फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत प्रत्येक कार्ड आणि त्याची जागा. दुसरीत हजेरीपट. तिसरीत, प्रत्येक डिरेक्टरीपर्यंत मुळापासून वाट आहे का. चौथीत, कार्डावर किती नावं आहेत आणि खरी किती आहेत. पाचवीत, मोकळ्या जागेचा हिशेब. ज्यांचं कार्ड आहे पण नाव हरवलं आहे त्यांना तो टाकत नाही. 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या नंबराने ठेवतो. बेवारस, पण जिवंत.

1993 च्या ईएक्सटी-2 मध्ये वीज गेल्यावर पूर्ण डिस्क तपासावी लागे, आणि मोठ्या डिस्कला त्यात बराच वेळ जाई. स्टीफन ट्वीडी यांच्या ईएक्सटी-3 ने, जी 2001 मध्ये लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत आली, जर्नल आणलं. दुकानदाराची रोजकीर्द आणि खतावणी आठवा. आधी रोजकीर्दीत लिहायचं, मग खतावणीत उतरवायचं. मध्येच दिवे गेले तर सकाळी रोजकीर्द बघून खतावणी पुरी करता येते. 2008 पासून वापरात असलेली ईएक्सटी-4 हेच पुढे नेते. तरीही चुका होतात, कारण काही डिस्क माहिती अजून कॅशमध्ये असतानाच 'लिहून झालं' असं सांगतात. आणि रोजकीर्द मुख्यतः नोंदींची शिस्त राखते. मुलाने अर्धवट सेव्ह केलेलं पान ती पूर्ण करू शकत नाही.

महाराष्ट्राच्या शाळांत हा धडा आधीही गिरवला गेला आहे. 2007 मध्ये कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या एकशिक्षकी मराठी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांत लिनक्स होतं, फिरणारी डिस्क नव्हती. 1 गिगाबाइटची फ्लॅश मेमरी आणि तिच्यासाठी खास रोजकीर्दीच्याच धर्तीवर चालणारी फाइल सिस्टिम. वीज कधीही जाईल असं गृहीत धरूनच ते यंत्र आखलं होतं. तेव्हा आपल्या भागात भारनियमनाचे दिवस होते. यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालवणाऱ्या शाळांनी त्या काळात किती डिस्क गमावल्या असतील, हे प्रत्येक जुन्या शिक्षकाला माहीत आहे.

चार दिवस

मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी नक्कल काढून बाजूला ठेवली. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, म्हणजे आजारी पार्टिशन जोडलेलं नसेल. ब्लकआयडी चालवून सगळ्या भागांची लेबलं आणि यूयूआयडी कागदावर उतरवून घेतले. मग मित्राकडून उसनी आणलेल्या मोठ्या रिकाम्या डिस्कवर आजारी पार्टिशनची पूर्ण प्रत घेतली. आधी प्रत, मग औषध. दुरुस्ती म्हणजे लिहिणं, आणि लिहिणं मागे घेता येत नाही. त्यानंतर एफएससीके 'फक्त बघ, हात लावू नको' या पर्यायाने चालवला आणि यादी वाचली. मगच खरी दुरुस्ती. जोडलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीही चालवू नये, चांगल्या पार्टिशनचंही वाटोळं होतं.

बहुतेक फोल्डर जागच्या जागी आले. 27 फाइल्स लॉस्ट अँड फाउंडमध्ये, नुसत्या नंबराच्या. चौथ्या दिवशी एकेक उघडत बसलो. उर्दू हस्ताक्षर, फिकट शाई, कडेला वाळवीची पहिली नक्षी. एकोणिसाव्या फाइलमध्ये चाचांच्या वडिलांचं नाव दिसलं. वडिलांच्या पेशाच्या रकान्यात त्या अनोळखी शिक्षकाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'पिंजारा'.

मूळ रजिस्टरचं उरलेलं पान आणि स्कॅन शेजारी ठेवून मुख्याध्यापकांनी निर्गम उतारा दिला. चाचांनी तो दोनदा घडी करून पिशवीत ठेवला, आणि मला म्हणाले, "मास्टरसाब, ये मशीन में अब्बा का नाम फिर से लिख दो, नंबर से मत रखो." मी त्यांच्यासमोरच फाइलला नाव दिलं.

शेवटचं काम राहिलं होतं, नकलेला तिची स्वतःची ओळख देणं. ट्यून-टू-एफएसने तिचा यूयूआयडी बदलला. ई-टू-लेबलने लेबल द्यायला बसलो तेव्हा भाषाशिक्षकाला साजेसा एक शोध लागला. ईएक्सटीच्या लेबलला 16 बाइट मिळतात. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, उर्दू अक्षर दोन, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे देवनागरीची पाचच चिन्हं बसतात. 'संग्रामपूर' मावत नाही, त्याला 30 बाइट लागतात. 'मराठी' मावतं, 15 बाइटांत. 'उर्दू' देवनागरीत 15 बाइट खातं आणि उर्दू लिपीत आठच. मी नकलेला 'नक्कल' हे नाव दिलं: न, क, हलन्त, क, ल. बरोबर पाच चिन्हं.

चाचांचं काम झालं. पण सांगायचं आहे ते आपल्या सगळ्यांना. आपल्या वस्त्यांतल्या उर्दू शाळा, मदरसे, जमातींच्या कचेऱ्या आणि घरातल्या पेट्यांमध्ये 1967 च्या आधीचे कागद अजून आहेत आणि रोज थोडे थोडे संपत आहेत. त्यांचे स्कॅन काढा. दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या इमारतींत. नक्कल केली की तिचं लेबल आणि यूयूआयडी बदला. वर्षातून एकदा प्रत उघडून पाहा, कारण न उघडलेली प्रत आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. यूपीएसची बॅटरी बदला. आणि कुणी 'फॉरमॅट मारा' म्हणालं, तर आधी चार दिवस थांबा.

चाचांच्या नातीच्या जातप्रमाणपत्राचा अर्ज दाखल झाला आहे. जातपडताळणीला मूळ रजिस्टर लागलं तर ते घेऊन मी स्वतः बुलढाण्याला जाणार आहे.